टाकीचा उजवा हात

२ फेब्रुवारी, रविवार
पलूसच्या या वर्कशॉपमध्ये एकोणीस वर्षं झाली, पण समुद्रापार जाणारा माल पहिलाच. केनियातल्या एका साखर कारखान्याची रस उकळायची टाकी. पंधरा तारखेच्या जहाजावर चढलीच पाहिजे. नाही चढली तर तिकडचा हंगाम गाठता येणार नाही आणि ऑर्डर रद्द. मालकांनी सगळं माझ्यावर सोपवलंय. चढली तर ती बसवायला मोंबासाला मीच जाणार. पासपोर्ट आला. फोटोत जरा घाबरल्यासारखा दिसतो, पण तो उजेडाचा दोष.

संकल्प: चहा दोनच. राग नाही. प्रत्येक कागद स्वतः वाचणार.

भैरोबाला कौल लावला. बाळासो गुरवानं देवाच्या दोन्ही खांद्यांवर कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार. पाऊण तासानं एक पडली. माझ्या उजवीकडची. बाळासो म्हणाला, आण्णा, ही देवाची डावी. देव न्हाई म्हणतोय. मी त्याला शांतपणे समजावलं की प्रश्न माझा, दर्शन माझं, तर उजवं माझंच धरायचं. तो म्हणाला, आवं, माझ्या आज्यापासनं देवाच्याच हातानं मोजत्यात. गुरवाला एवढा विचार झेपत नाही.

कौल उजवा.

३ फेब्रुवारी, सोमवार
मुंबईच्या एजंटाच्या ऑफिसातल्या अंकिताचा फोन. टाकी बाजूच्या भिंती नसलेल्या कंटेनरवर जाणार. टाकीच्या एका अंगाला दोन फूट बाहेर आलेली जाड नळी आहे. वर्कशॉपमध्ये सगळे तिला हात म्हणतात. तपासणी झाल्यामुळे आता ती कापता येत नाही. हात ज्या बाजूला, त्या बाजूला जहाजावर जागा मोकळी सोडतात. म्हणून फॉर्मवर बाजू लिहायची.

टाकीच्या तोंडाला हळदीकुंकू आहेच. समोर उभा राहिलो, हात जोडले, बघितलं आणि लिहिलं: उजवी.

अंकितानं विचारलं, काका, उजवी म्हणजे कुठं उभं राहून? मी म्हणालो, उजवी म्हणजे उजवी. तिला पटलं असावं. एक चित्र पाठवलंय म्हणाली, ते बघा. सवडीनं बघेन.

५ फेब्रुवारी, बुधवार
गुंडा वेल्डर सगळ्यांदेखत म्हणाला, आण्णा, शाळेत कवायतीला उजवीकडं वळ म्हटलं की तुमी गुरुजींच्या उजवीकडं वळत व्हता का?

एकदाच वळलो होतो. चौथीत. याला कुणी सांगितलं?

चहा पाच. राग एकदा.

९ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळी
टाकी ट्रेलरवर चढवली, तोंड इंजिनाकडे. क्रेनचा पट्टा एका कडेला सरकला. टाकी हातभर खाली आली आणि तशीच लोंबकळत राहिली. थांबली ही देवाचीच कृपा.

नारळ फोडला. आतून काळा. म्हणजे देवाला पोचला.

वारा सुटला की त्या हातात शिरतो आणि टाकी घुमते. खोल, लांबलचक. रस्त्यापलीकडची कुत्री उत्तर देतात. गुंडा म्हणाला, हिला जायाचं न्हाई. मी म्हणालो, हुंकार आहे. त्यानं लगेच नळीच्या तोंडाला प्लायवूड मारलं. तरी घुमतेच.

१० फेब्रुवारी, सोमवार
ट्रेलर तयार. पण परवा माघी पौर्णिमा. एवढा माल पौर्णिमा सोडून कोण हलवतं? मालकांना सांगितलं, ड्रायव्हरला अजून कागद हवेत. खोटं नाही. मला पंचांग हवं होतं.

अंकिताचा मेल: फॉर्ममध्ये बदल असल्यास गुरुवारी सहापर्यंत. आपल्याला काय बदलायचंय?

१२ फेब्रुवारी, बुधवार
टाकी निघाली. वळणावर हात उजवीकडच्या वडाला जेमतेम चुकला. नाही, डावीकडच्या. मी समोर उभा होतो.

विजयमालाला म्हणालो, मोंबासाला शेंगदाण्याची चटणी किती न्यावी? ती म्हणाली, आधी बोट सुटू द्या. ते वडाचं काय लिहिलंय, दोनदा खोडलंय.

बायकोनं रोजनिशी वाचू नये असा नवा संकल्प.

१३ फेब्रुवारी, गुरुवार. सव्वासात
सहा वाजले, मुदत संपली. मन शांत. म्हणून ते चित्र उघडलं.

ट्रेलरच्या मागे एक माणूस. तोंड इंजिनाकडे. त्याच्या उजव्या हातापासून बाण, आणि बाणापुढे 'उजवी'.

काढणाऱ्यानं माणूस उलटा काढलाय. माल मागून कोण बघतं?

फोन बंद ठेवला. चार्जिंग वाचवायला.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
अंकितानं थेट मालकांना फोन लावला. बंदराच्या गेटवर माल अडवलाय. कागदावर हात उजवीकडे, ट्रेलरवर डावीकडे. जहाजावर जागा उजवीकडे सोडलेली, डावीकडे दुसऱ्याचा कंटेनर.

मालकांनी फोन माझ्या हातात दिला. मी सुचवलं, ट्रेलर उलटा फिरवा. ती म्हणाली, ट्रेलर फिरेल हो काका. कागद फिरवायची मुदत काल सहाला संपली.

सोमवारी निघालो असतो तर बुधवारी गेटवर कळलं असतं. हे मी मनातच ठेवलं. मालकांनी ते मोठ्यानं म्हटलं.

चहा घेतला नाही. संकल्प पाळल्याचा हा पहिला दिवस.

१५ फेब्रुवारी, शनिवार
जहाज गेलं.

देवळात गेलो. काही विचारलं नाही. बाळासोनं अंगारा दिला आणि म्हणाला, त्यानं सांगितलं व्हतं, आण्णा.

दुपारी केनियाचा मेल आला. दोन ओळी. मालकांनी तीनदा वाचला.

१७ फेब्रुवारी, सोमवार
वर्कशॉपचं दार अर्धंच उघडं. टाकीची जागा रिकामी, तरी वाऱ्याबरोबर काहीतरी घुमल्यासारखं वाटलं. गुंडा नुसता बसून होता. टोमणा मारला नाही. मारायला हवा होता.

मालकांनी आत बोलावलं. एक टाइप केलेला कागद पुढे ठेवला. माझ्याच नावानं, मीच लिहिल्यासारखा. स्वखुशीनं, असा शब्द होता. या वेळी शेवटपर्यंत वाचला.

मालक म्हणाले, सही करा. खाली, उजव्या कोपऱ्यात.

मी विचारलं, कुणाच्या उजव्या?

त्यांनी बोट ठेवून दाखवलं.