थोरल्या हाताची रजा

गुरुवार, ३ जानेवारी १९४६. संध्याकाळ.

नगरच्या दवाखान्यात जाऊन आलो. सर्व्हिस मोटार हल्ली कोळशावर चालते. म्हणजे सपाटीला मोटारीने आम्हाला नेलं आणि घाटाच्या चढावर आम्ही मोटारीला. मीही ढकलली. उजव्या हाताने. हे डॉक्टरीणबाईंना सांगितलं नाही.

माझा डावा हात लहानपणीच गेला. बैलगाडीवरून पडलो, हाड वाकडं बसलं, कोपर काही सरळ झालं नाही. बोटांतही जोर नाही. मी त्याला धाकटा म्हणतो. धाकट्याचं सगळं काम पन्नास वर्षं थोरल्याने, म्हणजे उजव्याने केलं. आता थोरल्याचा खांदा जळतो आणि सकाळी बोटांना मुंग्या येतात. बाईंनी दाबून दाबून पाहिलं आणि म्हणाल्या, काका, याला रोग नाही, हा थकलाय. जड उचलू नका. खांद्याच्या वर हात नेऊ नका. दुखायला लागल्यावर थांबता ते चूक, दुखायच्या आधी थांबा. हलकीसलकी कामं डाव्याला द्या, तो जेवढं करील तेवढं करू दे. नाहीतर हाही जाईल, मग घास कोण भरवील?

मी म्हटलं, बाई, मी घोडेगावच्या गुरांच्या बाजारातला दलाल. आमचा सौदा तोंडाने होत नाही, रुमालाखाली बोटं दाबून होतो. हा हात म्हणजे माझी जीभच. त्या म्हणाल्या, मग जिभेला थोडी गप्प बसवा.

ठरलं. उद्यापासून थोरल्याला दोन महिने फुल रजा. कारणही तसंच आहे. आमची रजिया पहिलटकरीण, बाळंतपणाला येते आहे. ती जन्मली तेव्हा आमच्या फुप्पीने, म्हणजे आत्याने, चाळीस दिवस तिला माझ्या हातात दिलं नव्हतं. म्हणे एका हाताचा माणूस, पाडील. या खेपेला नातवंड मीच पहिल्यांदा घेणार, आणि कानात अजान मीच देणार. त्यासाठी थोरला ताजातवाना पाहिजे.

रजेवर देखरेख राहावी म्हणून ही रोजनिशी. मुबारकबीने विचारलं, लिहिताय कुठल्या हाताने? बायकोला समजावून सांगितलं की लिहिणं हे काम नव्हे, ती हजेरी आहे.

शुक्रवार, ४ जानेवारी.

बाजार. थोरला रुमालात गुंडाळून गळ्यात अडकवला. दहा वाजेपर्यंत अगदी मिलिटरी शिस्त. मग छगन भेटला. छगन हा माझा जोडीदार दलाल. आमचा स्नेह जुना, चढाओढ त्याहून जुनी. मोठ्याने म्हणाला, काय खाजाभाई, चोरी करताना घावलात जनू, हात बांधलाय त्यो? चार माणसं हसली.

चार माणसांपुढे हात दाखवावाच लागतो. दाखवायला सोडला. सोडलेला हात रिकामा ठेवणं बरं दिसत नाही. तीन जोड्या झाल्या, एक गाय, आणि खर्ड्याच्या पाहुण्याची म्हैस. दात बघणं, शेपूट ओढणं, पाठीवर थाप, सगळं आलं. संध्याकाळी खांद्यात निखारा.

रजा उद्यापासून धरावी. बाईंनी तारीख काही सांगितली नव्हती.

सोमवार, ७ जानेवारी.

धाकट्याचं ट्रेनिंग सुरू. बाईंच्या सांगण्याप्रमाणे चिंधीचा चेंडू दाबायचा. दाबला. चेंडूला काही वाटलं नाही.

चहाची बशी धाकट्याने उचलली. निम्मा चहा दाढीने प्यायला. मुबारकबी म्हणाली, दाढीचा रोजा सुटला म्हणायचा. हसू दे. मोठ्या माणसांना सुरुवातीला घरचे हसतातच.

राहिलेला चहा थोरल्याने प्यायलो. चहा वाया घालवणं पाप आहे, साखर रेशनवर मिळते.

रविवार, १३ जानेवारी.

रजिया आली. जावई अब्दुल पोचवायला आला होता. पोर फिक्की दिसते, पण हसणं तेच. लहानपणी ही शुक्रवारी माझ्याबरोबर सारा बाजार फिरायची. रेवड्या खायची आणि म्हशींना नावं ठेवायची. अब्बा, ही म्हैस फुप्पीसारखी दिसते, असं एकदा फुप्पीसमोरच म्हणाली होती.

मोटारीच्या टपावरून तिची ट्रंक मी काढली. जावई म्हणत होता, राहू द्या, मी घेतो. पण जावयाला ट्रंक उचलायला लावायची म्हणजे आपण मेलेलंच बरं. शिवाय बाईंची मनाई उचलायला आहे. मी ट्रंक खाली घेतली. उचलणं वेगळं, उतरवणं वेगळं.

रात्री मुबारकबीने खांद्याला तिळाचं तेल चोळलं. जरा जास्तच जोरात चोळलं.

शुक्रवार, १८ जानेवारी.

आजचा दिवस सोन्याने लिहावा असा. धाकट्याने सौदा केला!

थोरला खिशात घातला आणि रुमालाखाली धाकटा घातला. समोर राजूरकडचा मच्छिंद्र नावाचा शेतकरी, गाय विकायला आलेला. त्याने तीन बोटं दिली, मी धरली. आता सोडायची तर धाकट्याची मूठ उघडेना. एकदा आवळला की त्याला पेटका येतो, हे मला ठाऊक नव्हतं, त्यालाही नव्हतं. मी शांतपणे आभाळाकडे पाहत उभा राहिलो. मच्छिंद्र हात ओढतोय, मी सुटत नाही. त्याला वाटलं, दलाल आपल्या भावावर ठाम आहे. शेवटी घामेघूम होऊन म्हणाला, घ्या बाबा, तुमीच म्हनाल त्ये, पन बोटं द्या माजी! सौदा पक्का.

छगन म्हणाला, लई चिकट हात हाय ह्यो. याला म्हणतात प्रोग्रेस.

बोटं कशी सोडवली ते लिहिण्यासारखं नाही. थोरल्याची किंचित मदत घ्यावी लागली. बरीच घ्यावी लागली.

मंगळवार, २२ जानेवारी.

पाळणा टांगला. मुबारकबी म्हणत होती, छगनला बोलवा. आपल्या नातवंडाचा पाळणा छगनने टांगायचा? मग अजानही छगनच देणार का?

तुळईची कडी उंच आहे, आणि बाई म्हणाल्या होत्या की खांद्याच्या वर हात नको. यावर मी डोकं चालवलं. धान्याची कणगी पालथी घातली, तिच्यावर चढलो, की कडी बरोबर खांद्याच्या खाली. डॉक्टरची ऑर्डर शब्दन्शब्द पाळली. कणगी मोडली, पण ती जुनीच होती.

हात झोपताना भाड्याने आणल्यासारखा वाटतो. हवामान असेल.

शुक्रवार, १ फेब्रुवारी.

आज एका माणसाला अक्कल शिकवली. चंद्रकोरीसारख्या शिंगांची जोडी घेऊन भिमाजी आला होता. मेहनती कुणबी, स्वभावाने देवमाणूस, पण बैलातलं कळत नाही. डावा बैल पायाने अधू, उजवा पहाडासारखा. भिमाजी म्हणतो, त्यो लंगडा इका, उजवा मला ऱ्हाऊ द्या, त्यो न थकता वढतो बगा. मी उजव्याच्या खांद्यावरून हात फिरवला. खांदा गरम, कातडीखाली गाठ, हात लावला की अंग चोरतो. म्हटलं, भिमाजी, तुला दिसत नाही. लंगडा काही मरत नाही, तो सावकाश चालून म्हातारा होईल. तुझा हा पहाड आधी बसणार. दोघांचं ओझं एकटाच ओढतोय तो. बोलत नाही म्हणून थकत नाही असं नव्हे. आठवडाभर याला जू दाखवू नकोस. गाडी अर्धी भर. आणि लंगड्यालाही ओढू दे त्याच्या मानाने, त्याला काय पाहुणा म्हणून पोसतोस?

माणसं जमून ऐकत होती. भिमाजी पाया पडायला वाकला, मी धरला. थोरल्यात कळ आली. मोठी आली.

कधी कधी वाटतं, मला शाळा मिळाली असती तर मी जनावरांचा डॉक्टर झालो असतो.

शनिवार, २ फेब्रुवारी.

भिमाजीची हकिगत जेवताना रंगवून सांगितली. रजिया खाली मान घालून हसायला लागली. मुबारकबी भाकरी थापता थापता थांबली. म्हणाली, रजियाचे अब्बा, भिमाजीचा बैल नशिबाचा. त्याला तुमच्यासारखा दलाल भेटला. मग माझ्या उजव्या खांद्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, इकडे मात्र दलालच बैल आहे.

बायकांना प्रत्येक गोष्टीत घर आणायची सवय असते. बैल चार पायांवर चालतो, माझं तसं नाही.

विचार केला, उद्यापासून खरंच धरावी रजा. अजून पुष्कळ दिवस आहेत. लंकाबाई सुईण सांगून गेली, महिनाअखेर.

शुक्रवार, ८ फेब्रुवारी.

बाजाराला फक्त बघायला गेलो. शपथेवर फक्त बघायला. दोन्ही हात घोंगडीत.

छगनच्या हातून एक खोंड सुटलं. नवं, माजलेलं, थेट बाया बसतात त्या बांगड्यांच्या दुकानाकडे निघालं. सगळे बाजूला झाले. मलाही बाजूला होता आलं असतं. पण छगन ओरडला, खाजाभाई, तुमी नका, तुमचा हात न्हाई धरायचा आता!

तो असं ओरडला नसता तर काही झालं नसतं.

कासरा धरला. खोंड थांबलं. बांगड्या वाचल्या. खांद्यात चिंधी फाटल्यासारखा आवाज आला.

रविवार, १० फेब्रुवारी.

पुन्हा नगर. बाई रागावल्या नाहीत, त्याचंच वाईट वाटलं. थोरला झोळीत, गळ्यात बांधून. सहा आठवडे. म्हणाल्या, काका, आता मी सांगत नाही, आता तोच सांगतोय.

ह्या चार ओळी थोरल्याच्या बोटांनी, झोळीतूनच. कळ डोक्यात जाते. वही बंद करतो.

हिशोब लागत नाही. नातवंड येणार, तेव्हा हा गळ्यातच असणार.

शुक्रवार, २२ फेब्रुवारी.

हे धाकट्याने लिहितो आहे. अक्षर बैलाएवढं. एका पानात सहा शब्द बसतात, माफी असावी. कुणाची ते माहीत नाही.

आज पहाटे मुलगी झाली. दोघी खुशाल. लंकाबाईने आत बोलावलं. मी दारातच उभा. म्हटलं, असू द्या, लांबूनच अजान देतो. हात नाहीत.

लंकाबाईने विचारलं, त्यो दुसरा काय कुनाला उसना दिलाय का?

म्हटलं, तो वाकडा आहे. पाडील.

रजिया अंथरुणातून बोलली. आवाज नव्हता, तरी बोलली. अब्बा, मला सारा बाजार कुठल्या हातावर फिरवला? उजवा तर तुमचा रुमालाखाली असायचा. सौदा चालला की मी या कोपरात झोपायची.

मला आठवतच नव्हतं. मी म्हणत होतो, धाकट्याने जन्मात काही केलं नाही.

लंकाबाईने पोर वाकड्या कोपरात ठेवलं. बसलं. सरळ हातात इतकं बसलं नसतं.

अजान दिली. आवाज जरा फाटला. धूर असेल चुलीचा.

मग नाकावर माशी बसली. थोरला झोळीत, धाकट्यावर पोर. मुबारकबीला डोळ्यांनी खुणावलं. ती म्हणाली, मी नाही बाई हात लावत. हात राखायचे असतात. आणि पदराआड हसत बसली.

माशी नाकावरून भुवईवर गेली, परत नाकावर आली. आज बाजाराचा दिवस, छगन हाक मारून गेला. गेलो नाही.

माशी होती तिथेच राहिली. मीही.