आईच्या खोलीवरची माती

ता. ११ मार्च

चि. धाकट्यास ताईचे अ. आ.

तुझं पत्र पोचलं. डोंगरात रस्त्याच्या कामावर फोन लागत नाही म्हणून का होईना, तुझं अक्षर तरी बघायला मिळतं. कोंबडी नाचून गेल्यासारखं आहे, पण लागलं.

आईचं कमरेचं हाड जुळतंय म्हणतात डॉक्टर. अजून कुशीवर वळायचं नाही, सारखं पाठीवर. चादर बदलायची तर मी आणि नर्सबाई घामाघूम होतो. तू गेल्या वर्षी गच्चीवर बाग बसवून गेलास, त्याबद्दल मात्र रोज तुझी आठवण काढते. आपल्या गल्लीत इमारती अशा खेटून उभ्या की मूठभर माती दिसत नाही, आणि शेजारच्यांची छतं तव्यासारखी तापतात. आईची खोली शेवटच्या मजल्यावर असून पंखा एकवर पुरतो.

आणि ऐक, नानांनी कमाल केली आहे. आई पडल्यापासून तोंडाला कुलूप लावून बसले होते, आता त्यांना काम सापडलंय. तू पसरलेलं ते हलकं मिश्रण म्हणजे माती नव्हेच, नुसता भुसा, असं त्यांचं मत. म्हणून खरी काळी माती पोत्यांतून आणतात आणि आईच्या खोलीच्या बरोब्बर वर, कठड्याशी, गुडघाभर ढीग रचलाय. त्यात वेल लावलाय, रोज पाइपने पाणी घालतात. तो कठड्यावरून खाली सोडायचा, म्हणजे आईला पडल्या पडल्या खिडकीतून दिसेल. माती वाहून जाऊ नये म्हणून पाण्याच्या भोकावर फरशीचा तुकडाही ठेवलाय. सुतार माणूस, काही अर्धवट सोडतो का!

एकच कटकट. आईच्या खोलीचं दार अडकायला लागलंय. नानांनी तीनदा रंधा मारला, तरी पुन्हा तेच. लाकूड फुगलंय म्हणे. मी आईजवळ झोपत होते, पण तिने मला बाहेर हाकललं, मी घोरते म्हणे! आता दिवा लावून एकटीच झोपते.

लोभ आहेच, त्याला अधूनमधून पत्राचं पाणी घालत जा.

तुझी ताई

ता. २१ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

खुशाली नंतर. आईला आजच्या आज त्या खोलीतून बाहेर काढ.

तुझं पत्र वाचताना मी हसत होतो. दार अडकतं त्या ओळीशी आलो आणि ती पुन्हा वाचली. अगं, कडक ऊन पडलंय, हवा कोरडी ठणठणीत. अशा हवेत लाकूड आटतं, फुगत नाही. दार मोठं झालेलं नाही. वरून चौकट दाबली जातेय.

इथे रस्त्याकडेला झाडं लावायला आलो असलो, तरी गच्चीवर बागा बसवणं हाच माझा धंदा आहे. मी चार बोटांचा थर दिला तो कंजूषपणाने नाही. आपला स्लॅब जुना, त्याला तेवढंच पेलतं. नाना गुडघाभर काळी माती घालून तिला रोज पाइपने भिजवतात, आणि पाण्याला जायची वाटच बंद! आईच्या डोक्यावर हत्ती बांधून ठेवलाय, ताई.

माती उपसायला माणसं वर नेऊ नका, त्यांचंही वजन पडेल. आधी आई बाहेर. छताला भेग आहे का बघ. टपाल नेणारा ट्रक उद्या पहाटे खाली निघतो. रस्त्याच्या सुरुंगात भाजलेले मजूर त्यात झोपवून नेतायत, उभं राहायलाही जागा नाही, नाहीतर मीच आलो असतो. ड्रायव्हरला तुझा नंबर दिलाय, रेंज आली की फोन करेल. पुढच्या खेपेला मी येतोच.

नानांचं मन दुखावेल. दुखू दे.

लोभ वगैरे आई बाहेर आल्यावर.

तुझा धाकटा

ता. २३ मार्च

चि. धाकट्यास अ. आ.

ड्रायव्हरचा फोन आला. रस्त्याच्या गोंगाटात एवढंच कळलं की आईला हलवा, छत पडेल. नानांनी फोन घेतला, ऐकलं आणि लालबुंद झाले. म्हणाले, माझा जन्म लाकडात गेला आणि हा मला दार शिकवतो का. इंजिनिअरला मात्र मीच बोलावलंय, तो परवा येतो म्हणाला.

आईची तऱ्हा त्याहून वरची. पुढच्या खोलीत नेऊ का विचारलं तर म्हणाली, नको, दुखतं, आणि वेलाची पानं आत्ता कुठे खिडकीत आलीत. मी मान वर करून सगळं छत बघितलं, मला काही दिसलं नाही. तेवढ्यात तिने मला आणि नानांना दोघांनाही बाहेर पिटाळलं, गलका सोसत नाही म्हणून. हल्ली आम्ही आत थांबलेलं तिला खपतच नाही.

मी दाराबाहेर बसून हे लिहितेय. वर नाना पाणी घालतायत. त्यांच्या प्रत्येक पावलाला माझा जीव खालीवर होतोय. भीती खोटी म्हणावी तर दार पुन्हा अडकलंय, आज खांदा लावून उघडलं. तुझं पत्र अजून आलेलं नाही. मी कुणाचं ऐकू रे?

माया असू दे, आणि लवकर ये.

तुझी ताई

ता. २६ मार्च

चि. धाकट्यास नानांचे अ. उ. आ.

आई सुखरूप आहे. हे आधी लिहितो, म्हणजे पुढचं वाचवेल.

तुझं पत्र परवा दुपारी आलं. ताईने मोठ्याने वाचलं. लाकूड आटतं का फुगतं हे तू मला शिकवावंस! तिरीमिरीत मी दार बिजागऱ्यांतून काढून भिंतीला टेकवलं. तुला खोटं पाडायचं होतं. चौकटीला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी सुतळी लावली, मग तीच उलट बाजूने लावली. दोन्हीकडे सारखी भरायला हवी. ही चौकट मीच बसवलेली, तेव्हा भरली होती. आता भरेना, म्हणजे चौकट वरून दबलेली.

मी सुतळी टाकली. ताईला म्हटलं, आईला आत्ताच्या आत्ता बाहेर काढायचं. काढलेलं दार आईच्या पाठीखाली सरकवलं. ताई, नर्सबाई, खालच्या मजल्यावरचे शिंपी आणि मी, आम्ही तिला त्या दारावरच उचललं. तिने हूं की चूं केलं नाही. जिन्याचं पहिलं वळण घेतलं आणि वर धडाड् असा आवाज झाला.

आगीच्या बंबावाल्यांनी नंतर मला उंबऱ्यातून बघू दिलं. अर्धं छत पलंगावर आलं होतं. उशी दिसत नव्हती. उशीच्या जागी माझी माती होती, मीच सकाळी भिजवलेली.

कुणाला इजा नाही. इमारत रिकामी केली आहे, आम्ही पलीकडच्या गल्लीत शिंप्यांच्या दुकानामागच्या खोलीत आहोत. तुझी आई मला एका शब्दाने बोलत नाही, उलट चहा झाला का विचारते. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

ये. आशीर्वाद आहेतच, घ्यावेसे वाटले तर घे.

नाना

ता. २७ मार्च

चि. धाकट्यास आईचे अनेक आशीर्वाद.

पाठीवर पडून लिहितेय, त्यामुळे अक्षर तुझ्याइतकंच घाण येतंय. ट्रक उद्या वर निघतो. हे येताना वाटेत वाच आणि फाडून टाक.

नानांना वाटतं मी त्यांना बोलत नाही हा माझा मोठेपणा. कसला डोंबलाचा मोठेपणा! ती भेग मला सगळ्यांच्या आधी दिसली होती. सामानाच्या माळ्याच्या आड होती, उभ्या माणसाला दिसायची नाही. मी दिवसभर पाठीवर, दुसरं काय बघणार? आधी केसाएवढी होती, वाटलं रंगाला गेली असेल. मग ती भिंतीपर्यंत उतरली. मग पांघरुणावर वाळू पडायला लागली, ती मी ताई यायच्या आत झटकून टाकायची. ताईला बाहेर काढलं ते त्यासाठी. ती बिचारी कधी घोरत नाही. नाना वर चालायला लागले की मी श्वास धरून पडायची. छत अंगावर येईल ही भीती होतीच, पण त्याच्याबरोबर तेही खाली येतील ही जास्त होती.

मग बोलली का नाहीस, असं तू विचारशील. अरे, मी पडले त्या दिवसापासून हा माणूस मुका झाला होता. माती आणायला लागला आणि जिन्यात पुन्हा शीळ ऐकू यायला लागली. रोज सकाळी वेल किती उतरला ते लहान मुलासारखं दाखवायचे. त्याच मातीने घर मोडतंय हे कोणत्या तोंडाने सांगू? वाटायचं, आजचा दिवस जाऊ दे, उद्या सांगेन. त्या उद्याच्या नादात त्यांनाही घालवून बसले असते.

त्यांना यातलं काही कळू देऊ नकोस, तुला माझी शपथ आहे. माझ्याशेजारी बसून काय लिहितेस विचारतायत. तुला येताना स्वेटर आणायला सांगतेय, असं सांगितलंय. तेवढा घेऊन ये, नाहीतर मी खोटी पडेन.

या खोलीचं छत नवं आहे, भेग नाही, मी नीट बघून घेतलंय. तरी दिवा चालूच ठेवते. ते खाली चटईवर पडतात. दोघंही वर बघत असतो. मधेच ते विचारतात, झोप लागली का. मी हो म्हणते. थोड्या वेळाने मी विचारते, तेव्हा तेही हो म्हणतात.

तुझी आई