शकुंतलाबाईंचं लंकेला जाण्याचं कारण

॥ श्री ॥
आसगाव,
ता. ८ मार्च १९८१

चि. इश्वरास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. चि. सौ. बेबीचा खोकला थांबला हे वाचून बरं वाटलं. इकडे सर्व ठीक. उन्हाळी धानाला तलावाचं पाणी मिळतं आहे, म्हणून तुझे भाऊजी खुशीत आहेत.

मी गेल्या महिन्यात शाळेतून निवृत्त झाले. एकतीस वर्षं चौथीच्या वर्गाला भूगोल शिकवला, आणि स्वतः नागपूरच्या पलीकडे एकदाच गेले, तेही नणंदेच्या घरच्या लग्नाला! आता एक गोष्ट लिहिते, हसू नकोस. नागपूरची एक यात्रा कंपनी पुढच्या वर्षी रामेश्वरला जाणार आहे. ज्यांच्याकडे पासपोर्ट असेल त्यांना तिथून बोटीनं सहा दिवस लंकेला नेणार. पवनीच्या विमलाबाई, माझ्या जुन्या मैत्रीण, जात आहेत. मलाही जायचं आहे.

देवाचं म्हणशील तर रामेश्वरपर्यंत देव झाला. त्यापुढचं मला नुसतं पाहायचं आहे. तोही धानाचा मुलूख, आणि तिथं हजार-दीड हजार वर्षांचे तलाव अजून नांदते आहेत म्हणे. आपला जिल्हाही तलावांचाच. त्यांच्या बांधाच्या पाळीवर उभं राहून मला पाहायचंय की ते पाणी कसं सोडतात, बायका शेतात काय नेसतात, कामाच्या वेळी गाणी म्हणतात की नाही.

पासपोर्टचा फॉर्म सोबत आहे. त्यात जाण्याचं कारण विचारलं आहे. मी पेन्सिलीनं ‘पाहण्यासाठी’ असं लिहिलं आहे. एवढं कारण चालतं का? तू सरकारी माणूस, म्हणून तुला विचारते.

तुझी बाई,
शकुंतला

*

जवाहरनगर,
ता. २२ मार्च १९८१

ति. सौ. बाईस,
इश्वरचे शि. सा. नमस्कार.

चौथीत तुझ्या वर्गात असताना नकाशात मला लंका दाखवता आली नाही म्हणून तू माझ्या हातावर छडी मारली होतीस. आता ती जागेवर आहे की नाही हे तूच जाऊन पाहून ये. वळ अजून माझ्या लक्षात आहे!

तुझ्या पत्रानं मला एक नाद लागला. आठवडाभर मी आमच्या फॅक्टरीच्या बसमध्ये शेजारी बसेल त्याला विचारत होतो, की काही काम नसताना, नुसतं फिरायला कधी परदेशी जाल का. एक जण म्हणाला, तिथं आपलं कोण आहे, उतरायचं कुणाकडे? पाहुणा म्हणून जायला आधी कोणीतरी तिथं असावं लागतं, हे त्याला अगदी पक्कं ठाऊक होतं. मशीनवरचा आमचा जोडीदार म्हणाला, सारी सुट्टी लग्नं आणि तेरव्या खाऊन टाकतात. एकाला भीती होती की तिकडे भात मिळत नाही. आमचे एक फोरमन ट्रेनिंगसाठी जर्मनीत राहून आलेले. ते सांगत होते की तिथं उन्हाळ्यात घरी राहिलेल्या माणसाची लोक कीव करतात, आणि आपण जेवण झालं का विचारतो तसं ते एकमेकांना कुठं जाऊन आलात विचारतात. खरं सांगायचं तर मलाही कधी जावंसं वाटलेलं नाही, आणि का वाटलं नाही तेही सांगता येत नाही. सरकार आम्हाला सुट्टीत देशभर फिरायचं भाडं देतं, ते मी दर खेपेला सासुरवाडीला जाऊन संपवलं.

आमची फॅक्टरी दारूगोळ्याची, म्हणून मी साहेबांच्या कानावर घातलं. त्यांनी आधी विचारलं, बहिणीचं तिकडे कोण आहे? कोणी नाही म्हटल्यावर त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. पण हरकत घेतली नाही. फॉर्मवर मी ‘पर्यटन’ हा सरकारी शब्द घातला आहे. आता गावात पोलीस चौकशीला येईल, तेवढी झाली की झालं.

बेबी विचारते, तिकडची साडी आणशील का. भाऊजींना नमस्कार. तुझी माया आहे तशी राहू दे.

तुझा,
इश्वर

*

आसगाव,
ता. १९ जुलै १९८१

चि. इश्वरास,
आशीर्वाद.

माझा अर्ज परत आला. का, ते वाच आणि डोक्याला हात लाव.

चौकशीचा शिपाई आला त्या दिवशी मी पेन्शनच्या कागदांसाठी पवनीला गेले होते. तो हिरालालच्या दुकानावर बसला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारू लागला, की मास्तरीणबाई लंकेला काहून जात आहेत. पोलीस दारी आला म्हणजे काहीतरी भानगड, आणि बाईंना सांभाळून घेतलं पाहिजे, हे सगळ्यांनी मनाशी धरलं. शेजारच्या धुरपतानं सांगितलं, बाईचा नवस आहे. हिरालालनं सांगितलं, जावई तिकडे नोकरीला आहे. मला मुलगी नाही, हे त्याच्या दुकानातल्या मांजरालाही ठाऊक आहे! पण कळस केला तुझ्या भाऊजींनी. त्यांनी सांगितलं, डोळ्यांच्या इलाजाला चालली. शिपायानं तिन्ही कारणं लिहून घेतली. तीन माणसं, तीन कारणं, आणि फॉर्मवर चौथंच. संशयाला जागा आहे, असा शेरा पडला.

धुरपताला जाब विचारला तर ती रडायलाच लागली. तिचं म्हणणं, नुसतं पाहाले चालली असं सांगतलं असतं तं पोलीस तुमाले काय म्हणला असता बाई? तिला माझी अब्रू वाचवायची होती. तिच्यावर मी रागवू शकले नाही. पण ह्यांच्यावर रागावले. माझे डोळे अजून दिव्याशिवाय सुईत दोरा ओवतात. कारण विचारलं तर उठून बैलांकडे गेले. धानाच्या रोवण्याचे दिवस आहेत, घरात लावणीच्या बायांचा राबता आहे, आणि आम्ही दोघं चार दिवस एकमेकांशी बोललो नाही.

इश्वर, मला फार वाईट वाटतं रे. आयुष्यात एकच गोष्ट फक्त माझ्यासाठी मागितली होती.

तुझी बाई

*

जवाहरनगर,
ता. १० ऑगस्ट १९८१

ति. सौ. बाईस,
शि. सा. नमस्कार.

काल रविवारी भाऊजी आले होते. हे तुला माहीत नसावं. पायलीभर तांदूळ आणला होता, पण तांदूळ द्यायला रोवणा टाकून कोणी येत नाही. चहा झाला, बेबीनं पोहे केले, ते खाल्ले, आणि तासाभरानं बोलले.

त्यांचं म्हणणं असं. माणूस मयतीला जातो, लग्नाला जातो, देवाला जातो, पोटासाठी जातो. यातलं काहीच नसताना जो जातो, तो घराला कंटाळून जातो. माझ्या घरी तिले काय कमी पडलं, असं त्यांनी मला तीनदा विचारलं. बाई, त्यांचे डोळे भरले होते. पोलिसासमोर डोळ्यांच्या इलाजाचं सांगितलं, ते गावाला असं वाटू नये म्हणून.

तलाव, त्यांची पाळ, बायांची गाणी हे सगळं तू मला चार पानी पत्रात लिहिलंस. त्यांना सांगितलंस का? मी लहान आहे, तुला शिकवत नाही. पण मला वाटतं, तू फॉर्म भरला आणि त्यांना फक्त तारीख सांगितली.

रागावू नकोस. अर्ज पुन्हा करता येतो. पण त्या तीन जबान्या कोणाला तरी ठाण्यात जाऊन खोडाव्या लागतील.

तुझा,
इश्वर

*

आसगाव,
ता. १५ नोव्हेंबर १९८१

चि. इश्वरास,
पोटभर आशीर्वाद.

तू लिहिलंस ते खरं होतं. मी ह्यांना काही सांगितलंच नव्हतं. शाळेत दिवसभर बोलायची, घरी आले की तोंड मिटायची, ही सवय मला एकतीस वर्षांची.

एके दिवशी शेतातल्या बांधीवर न्याहारी घेऊन गेले आणि सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. मग एवढंच विचारलं, की परत किती तारखेला येशील. मी म्हटलं, तुम्हीही चला. तर म्हणाले, हाताला काम नसलं का मले बसता येत नाही, तिथं मी दिवसभर काय करू? मला वाटतं, तुझ्या बसमधल्या निम्म्या लोकांचं खरं कारण हेच असेल.

आणि मग ऐन कापणीत, मला न सांगता, धुतलेलं धोतर नेसून ते पवनीच्या ठाण्यात गेले. फौजदारासमोर उभं राहून म्हणाले, की मी आधी खोटं बोललो. बायकोचे डोळे चांगले आहेत, नवस नाही, जावई नाही. ती नुसती पाहायला चालली आहे आणि माझी हरकत नाही. फौजदार हसला, शिपाई हसले. आपल्या गावचा एक जण तिथं दुसऱ्या कामानं बसला होता, त्यामुळे संध्याकाळपर्यंत घराघरात झालं, की गोमाजीची बायको फिरायला चालली आणि गोमाजी स्वतः सांगून आला. अजून पारावर त्यांची थट्टा चालते. मला हे दुसऱ्यांकडून कळलं, आणि भरल्या खळ्यात उभी राहून मी रडले.

अर्ज मी पुन्हा केलाच होता, पासपोर्ट परवा आला. फोटोत मी चोरासारखी दिसते. फेब्रुवारीत निघू. बेबीला सांग, साडीचं लक्षात आहे. दोघं सुखात राहा.

तुझी बाई

*

आसगाव,
ता. २४ फेब्रुवारी १९८२

इश्वरबाबूस गोमाजीचा रामराम.

मी पत्र लिहिणारा माणूस नाही. चुकलं तं सांभाळून घेजा.

तुमच्या बाईचं लंकेहून पत्र आलं. पोस्टमननं तिथलं तिकीट आधी साऱ्या गावाले दाखवलं, मंग मले देल्लं. आठ पानं आहे. बोटीत तिले दोनदा ओकारी झाली म्हणते आन् तरी वरच उभी राहिली. तिथल्या तलावाच्या पाळीवरून मोटार जाते म्हणते. तिकडे आता धान कापून राहिले. तिनं एका बाईच्या हातचा इळा घेऊन एक पात कापली, तं साऱ्या बाया काम टाकून पाहाले जमल्या. एका म्हातारीनं घरी नेऊन नारळाच्या दुधातला भात खाऊ घातला. एकीची भाषा दुसरीले येत नाही, तरी दुपारभर बोलल्या म्हणते. हे सारं मी हिरालालच्या दुकानावर तीनदा वाचून दाखवलं. आता कोणी थट्टा करत नाही. पुढं काय झालं ते विचारते.

पण दोन पानं मी वाचली नाही कोणापुढं. ते मलेच लिहिलेले होते.

आमच्या लग्नाले छत्तीस वर्सं झाले. आठ दिवसांच्या वर कधी दूर राहिलो नाही, म्हणून पत्र लिहाची पाळीच आली नाही. तिचं हे मले पयलं पत्र. घरी ती मले भाजीत मीठ पुरलं का विचारते, मी तिले पाणी सोडलं का नाही ते सांगतो, आन् दिवस जाते. ती एवढं पाहते, एवढा इचार करते, हे मले माहीत नोतं. ती घर सोडून चालली असं मले वाटलं होतं. पत्र वाचलं तं असं वाटलं का ती आताच घरी आली.

म्या दोन दुपारा बसून जवाब लिहिला. पोस्टमन म्हणते, लंकेले पोचासाठी आठ दिवस लागते आन् बाई तं रविवारी वरठी टेसनावर उतरून आधी तुमच्याकडे मुक्कामाले येते. म्हणून तो जवाब या पाकिटात बंद करून तुमच्याकडे धाडतो. फोडजा नको. ती आली का तिच्या हातात देजा, आन् तिथंच वाचू देजा. घरी आल्यावर मले देता येणार नाही, आन् तोंडानं तं सांगताच येणार नाही.

तुमचा,
गोमाजी