माळ आणि झुपका

प्रिय अक्का,

घाईत लिहितोय. अक्षर वाकडं आलं तर हसू नकोस.

दुपारी औरंगपुऱ्यातल्या माझ्या दुरुस्तीच्या दुकानात मायक्रोस्कोप खोलून बसलो होतो. तेवढ्यात पुण्याच्या प्रयोगशाळेतल्या त्या मुलीचा फोन आला. "काका, तुमचे दोन्ही नमुने एकाच जातीचे आहेत." मी म्हटलं, "परत बघ." तर म्हणते, "बघूनच फोन केलाय." हातातलं भिंग खाली पडलं. मी, भिंगावर बोटाचा ठसा खपवून न घेणारा, ते उचललंसुद्धा नाही!

लगेच तुझा नंबर काढला. बोट टेकवणार, तेव्हा लक्षात आलं की तू नाहीस. म्हणून हे पत्र.

एकच, अक्का! कन्नडच्या घाटाखाली ओढ्यात वाहायची ती मण्यांची बुळबुळीत माळ आणि खडकावरचा नखाएवढा मखमली झुपका, दोन्ही एकच लाल शेवाळ. एकाच जिवाच्या दोन अवस्था. तू म्हणायचीस तसंच.

किती भांडलो आपण! तू कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलेलं, मी पुस्तकं मागून आणून शिकलेलो. माझं म्हणणं पक्कं होतं: झुपका निळसर असला तर माळेचं पिल्लू, तांबूस असला तर वेगळी जात, आणि आपला तर तांबूस. पेशींची लांबी-रुंदी मोजून मी तुझ्यापुढं ठेवली होती. तू म्हणालीस, "दिगू, सावलीत वाढलं की रंग बदलतो रे. तू रंगाला जात समजायलास." मी रागानं परत पेशी मोजायला बसलो.

आणि त्या पुड्या! नव्या बुटांच्या खोक्यात निघतात त्या, ओल शोषणाऱ्या. मी सगळं फॉर्मॅलिनच्या बाटलीत घालायचो. तू माळेचा एक तुकडा त्या पुड्यांसोबत डबीत कोरडा ठेवलास. "फॉर्मॅलिनमध्ये डीएनए मोडतो," म्हणालीस. मी म्हटलं, "आकार दिसतो ना, मग बास!" आज तोच तुकडा वाचता आला. झुपक्याशी अक्षरन् अक्षर जुळला.

निकाल लागेपर्यंत तरी थांबायचं होतंस! चहा टाकते म्हणून उठलीस ती गेलीसच. असं असतं का?

पण खरा धक्का पुढं आहे, अक्का. दुष्काळाच्या सालांत ओढा आटला, माळ दिसेनाशी झाली. मी ती गेली असंच धरलं. इकडं शहर पैठणच्या धरणाचं पाणी पीत वाढत राहिलं, तिकडं घाटाखालच्या गावाला टँकर. आता गावकऱ्यांनी तोच ओढा खोल करायला घेतलाय, आणि त्यांचंही चुकत नाही. गेल्या आठवड्यात सरपंचांनी विचारलं, "भाऊ, तुमचं ते शेवाळ हाय का अजून? नसलं तर कडंचा खडकही फोडून घेतो." मी छातीठोक सांगितलं, "काही नाही उरलं. झुपका आहे, तो कुठंही सापडतो."

म्हणजे ती गेलीच नव्हती! त्या झिरपत्या खडकाला चिकटून बसली होती, आणि मीच खडक फोडा म्हणालो.

फोन लावला. सरपंच म्हणाले, "अहो, मागल्या आठवड्यात तुम्हीच म्हणले ना, काय नाय तिथं? मशीन उद्या यायलंय."

"चुकलं माझं. तेवढा सावलीतला खडक सोडा. बाकी हवं तेवढं खोदा."

"मी एकटा कसा सोडू? सकाळी समदी मंडळी तिथंच ऱ्हातील. तुम्हीच या अन् सांगा. लई मोठे जाणकार म्हणून तुमचा शब्द धरला होता त्यांनी."

तुला माहीतच आहे, मला चारचौघांत चुकलो म्हणणं कसं जातं ते.

तरी जातो, अक्का. पहिल्या एसटीनं. वचन देतो, मशीन चालू व्हायच्या आत त्या खडकावर उभा राहीन आणि सगळ्या गावाला मोठ्यानं सांगेन: मी चुकलो, माझी बहीण बरोबर होती. ऐकेपर्यंत खाली उतरणार नाही.

तुझा,
दिगू