रेघेच्या मागचं पाऊल

अण्णा, त्या दिवशी सकाळी म्हशीची धार काढून झाली होती, आई चुलीपुढे भाकरी थापत होती आणि मी शेणाची पाटी घेऊन अंगण सारवत होते. कुंपणापासून सुरुवात करून मागं मागं सरत मी पायरीपर्यंत आले होते. तुम्ही घोडेगावच्या बाजाराला निघालेले, डोक्यावर टोपी, हातात वैरणीची दोरी. दारात येऊन थबकलात. "रेघ कुठं गेली?" मी म्हणाले, "सारवली." तुम्ही कोनाड्यातला फक्कीचा डबा काढलात आणि ओल्या अंगणातून चालत जाऊन पांढरी रेघ परत ओढलीत. आई आतून ओरडली, "वल्या सारवणात पाय! आता काय म्हनावं ह्या मानसाला!" तुम्ही म्हणालात, "सारवन वाळंल. पाय मागं घ्यायची सवय वाळत न्हाई." मग माझ्याकडे बघून म्हणालात, "पोरी, अंगन रोज सारव. पन रेघ परत वढायची."

मी तेव्हा दहा वर्षांची होते. गावात कुस्तीची तालीम होती, पण बॉक्सिंग खेळलेले तुम्ही एकटेच. फौजेतून पेन्शनवर आल्यावर तुमच्याशी दोन हात करायला कुणी नव्हतं, म्हणून मी. माझ्या टाचेमागे ती रेघ, समोर तुम्ही गुडघ्यांवर बसलेले, दोन्ही तळहात पुढे धरून. "मार. अजून मार. मागं सरायचं न्हाई." एकदा माझी टाच रेघेच्या मागे गेली आणि त्या दिवशी जेवताना तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. का, ते तुम्ही फक्त एकदा सांगितलंत, तेही आईला, मी झोपले असं समजून. पलटणीच्या शेवटच्या फाईटमध्ये तुम्ही एक पाऊल मागे घेतलंत आणि त्याच पावलावर समोरच्याचा ठोसा बसला. सगळ्या पलटणीसमोर तुम्ही बसकण मारली. त्याच्यानंतर तुम्ही परत कधी खेळला नाहीत, नुसती पोरांची बादली आणि टॉवेल धरलात.

ती बादली धरून उभे असतानाच तुम्ही चिनी पोरं पाहिलीत, फौजेतल्या शेवटच्या वर्षात. बाहेरचे संघ आले होते. तुम्ही हसत सांगायचात, "पोरं चिवट हायेत, पन नवी हायेत. त्यांना अजून रिंगमधी चालता येत न्हाई. आपल्या पोरांनी लई पळवली त्यांना." मला ते इतकं पाठ झालं होतं, की चीन म्हटलं की मला चालायला शिकणारी पोरं दिसायची. अण्णा, ती चालायला शिकली. हे तुम्हाला कुणीतरी सांगायला हवं, म्हणून लिहिते.

तुमची नात एकोणीस वर्षांची आहे. तुम्ही गेलात तेव्हा ती जन्मलीही नव्हती. तिच्या हातात पहिल्यांदा मीच पट्ट्या बांधल्या, तुम्ही माझ्या बांधायचात तशाच, अंगठ्यापासून. माझ्या सासरच्या अंगणात, कर्जतजवळच्या या कोरड्या गावात, मीही फक्कीची रेघ ओढली. तिचे वडील हसायचे. "तुज्या बापाची सरहद्द इथवर आली व्हय!" पण पहाटे मोटारसायकलवर तिला नगरला सरावाला तेच न्यायचे. ते गेले त्याला पाच वर्षं झाली. एका दुपारी रानात बसले आणि उठले नाहीत. तेराव्याच्या आतच धाकटे भाऊजी म्हणाले, "वहिनी, बाईमानसाला झेपायचं न्हाई. रान आमच्याकडं द्या, पोरीचं लग्न लावून टाका." तेव्हा मी तुमच्या रेघेवर उभी राहिले. रान दिलं नाही, पोरीला नगरच्या वसतिगृहात ठेवली. रात्री एकटी वाचत बसायचे, सातवीनंतर शाळा सुटली तरी वाचन सुटलं नाही, आणि पान उलटताना मनात तेच म्हणायचे, मागं सरायचं नाही. ते खोटं नव्हतं. त्याच्यावर माझी पाच वर्षं निघाली.

मग या वर्षी तिला परदेशात खेळायला पाठवलं. पहिल्या दोन फाईट जिंकली. तिसरी चिनी मुलीशी पडली आणि ती हरली, पाचातल्या चार जजांनी त्या मुलीला दिली. घरी आली, पट्ट्यांची पिशवी खुंटीला अडकवली आणि म्हणाली, "आई, बास झालं. मला जमत न्हाई." दहा-बारा दिवस ती घरात. भांडी घासते, शेळ्या सोडते, बोलत नाही. भाऊजी येऊन चहा पिऊन गेले. "मी म्हनलो हुतो," म्हणाले, आणि एका स्थळाचं नाव काढलं. तेवढ्यात तिच्या कोचचा फोन आला. "ताई, सोमवारी शिबिर सुरू होतंय. ती आली नाही तर तिच्या जागी दुसरी जाईल. मी अडवू शकणार नाही." मी त्यांना विचारलं, सर, खरं सांगा, चिनी पोरी आपल्यापेक्षा ताकदवान असतात का? ते म्हणाले, "नाही हो. जवळ घुसल्यावर आपल्याच भारी. पोटात मारतात, तिसऱ्या राउंडलाही दम असतो. पण त्या जवळ येऊच देत नाहीत. लांबून पुढच्या हाताने टोचायचं, आपली अंगावर आली की बाजूला. आणि आपली अंगावर जातेच. त्याच स्पर्धेत आपल्या हरियाणाच्या पोरीने एका चिनी पोरीला हरवलं, कसं? तिलाच अंगावर येऊ दिलं. तुमची पोरगी मागे पाऊल घेतच नाही. सांगून थकलो. कुणी शिकवलंय कोण जाणे."

मी फोन ठेवला. कुणी शिकवलं ते मला माहीत होतं.

कोचने त्या फाईटचा व्हिडिओ पाठवलेला होता. धारा झाल्या की मी गोठ्यातच बादली पालथी घालून त्यावर बसून बघायचे. पहिले दोन दिवस मला माझीच पोर दिसली, मार खाताना. तिसऱ्या दिवशी मी त्या चिनी मुलीचे पाय बघायला लागले. ती घाबरून मागे जात नव्हती. सरळही जात नव्हती. अर्धं पाऊल मागे, थोडं तिरकं, वजन एका पायावरून दुसऱ्यावर, आणि तिथून हात बाहेर. आमची पोर छाती पुढे काढून सरळ तिच्या मागे, जणू पाठीमागे रेघच आहे. मला वाटत राहिलं, हे पाय मी कुठंतरी बघितलेत. चौथ्या दिवशी कळलं. हे माझेच पाय आहेत. सारवताना आपण असंच जातो ना, उकिडवं, हाताचा अर्धा गोल पुरा झाला की एक टाच तिरकी मागे, मग दुसरी, तोल न जाता, न बघता. सरळ मागे गेलं की माणूस पाटीत बसतं. अण्णा, तुम्ही पडलात ते मागे सरलात म्हणून नाही. सरळ मागे सरलात म्हणून पडलात. आणि मी ती रेघ परत ओढायच्या आधी दर वेळी मागं सरतच पुसत होते, तुमच्या डोळ्यांदेखत. दोघांनाही दिसलं नाही.

दुपारी मी तिला त्या मुलीबद्दल विचारलं. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा नीट बोलली. फाईटनंतर मोबाईलवर भाषांतर करून दोघी बोलल्या होत्या. त्या मुलीचे आईबापही शेतकरी. आठव्या वर्षी तिला खेळाच्या शाळेत टाकलं, घरी वर्षातून एकदा जाते. "माज्या बोटांचे घट्टे बघून हसली, आई. तिचे दाखवले. सेम." मी म्हणाले, आठव्या वर्षी? मी तुला चौदाव्या वर्षी सोडली तर आठवडाभर रडले. तिच्या मागे एवढी मोठी शाळा, तुझ्या मागे एक रेघ. आणि तीही चुकीची.

"चुकीची?"

"पुरी नव्हती," मी म्हणाले. "आजोबांनी अजून एक सांगितलं हुतं. मागं जायचं, पन तिरकं." आणि मी कोरड्या अंगणात उकिडवी बसले, पदर खोचला आणि तिला सारवताना जातात तसं मागं जाऊन दाखवलं. ती पोट धरून हसली. "आई, तू चायनीज दिसायलीस!" मग उठली, हात वर धरले आणि माझ्यासारखी गेली. दोनदा तोल गेला, तिसऱ्यांदा गेला नाही. थांबून म्हणाली, "आजोबांनी सांगितलं, मग तू मला आधी का न्हाई सांगितलंस?"

"इसरले," मी म्हणाले.

अण्णा, तुम्ही असं कधीच सांगितलं नव्हतं. तुम्ही गेलात त्या दिवसापर्यंत तुमची टाच रेघेच्या मागे गेली नाही. तुम्ही चुकलात असं मला तिला सांगता आलं असतं, पण माझ्या तोंडून निघालं नाही. म्हणून तुमच्या नावावर एक शहाणपण घातलंय. ती ते सगळीकडे सांगणार, माझ्या आजोबांनी शिकवलं म्हणून. हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी मी पाठवलं नसतं.

दुसऱ्या दिवशी मी अंगण सारवलं, रेघेसकट. फक्कीचा डबा काढला नाही. सारवण वाळायच्या आत तिला कर्जतच्या स्टँडवर नेऊन शिबिरासाठी नगरच्या गाडीत बसवून आले.