शेवटचं स्तोत्र

वेंडलेबेन, २० फेब्रुवारी १७१४

चि. टोबियासभाऊजींस, अ. उ. आ.

आमचे ड्यूक वारले. राज्यात वर्षभर दुखवटा. ऑर्गनला कुलूप, चर्चमध्ये गाणं बंद, मयतालासुद्धा. तुमच्या दादांनी उत्तम शुक्रवारसाठी ख्रिस्ताच्या यातनांचं मोठं संगीत रचलंय, ते कागदावरच पडून आहे. यांची छाती फार बिघडली आहे. पुढचा हिवाळा धरू नका, असं वैद्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. यांना ते संगीत एकदा ऐकायचंय, बाकी काही मागत नाहीत. तुमचं गाव दुसऱ्या राजाचं, तिथं बंदी नाही. तुमचे गायक बोकडासारखे ओरडतात असं हे नेहमी म्हणायचे; काल म्हणाले, आता बोकडही चालतील.

जिव्हाळा आहे तसाच ठेवा.
रेगीनावहिनी

साल्बर्ग, ८ मार्च

ती. वहिनींस, सा. न. वि. वि.

बोकडांना कोमट बिअर पाजून तालमी चालू आहेत, असं दादाला कळवा. दादाला आणायला गिरणीवाल्याची गाडी उत्तम शुक्रवारच्या आदल्या दिवशी येईल. गवत जाड अंथरायला सांगितलंय. शेवटच्या स्तोत्राची चाल सगळ्यांच्या ओळखीची, पण खालचे तीन आवाज दादानं असे विणलेत की आमचा दांडगा लोहार गाता गाता थांबला आणि डोळे पुसू लागला. तुमचा पाय मोडला नसता तर तुम्हालाही आणलं असतं.

या धाकट्यावर माया असू द्यावी.
टोबियास

साल्बर्ग, ३१ मार्च, सकाळ

ती. वहिनींस, सा. न.

काल सगळं नीट चाललं होतं. शेवटचं स्तोत्र सुरू झालं आणि लोक उठून गाऊ लागले, दर रविवारी गातात तसे, रेंगाळत. दादाचे तिन्ही आवाज बुडाले. मी हात करून थांबवणार होतो, पण वर सज्जात पाहिलं तर दादाही त्यांच्याबरोबर गात होता. घरी आल्यावर त्यानं विचारलं, गाण्याच्या भरात मला खालचे आवाज ऐकू आले नाहीत, शेवटचं कसं झालं. मी म्हटलं, छान झालं.

वहिनी, दादा पहाटे गेला. झोपेतच.

इथं पुरलं तर त्याचं स्तोत्र नीट गाता येईल, लोकांना गप्प बसवीन. तिकडे आणलं तर गाणं नाही. तुम्ही म्हणाल तसं.

टोबियास

वेंडलेबेन, त्याच दिवशी

चि. टोबियासभाऊजी,

तुमचं पत्र आणलेला गाडीवाला बाहेर थांबलाय, म्हणून थोडंच लिहिते. तुमच्या मनातलं कळतं, रागावू नका. पण मला यांना एकदा बघायचंय. गाणं नको. घरी आणा.

रेगीना