दुर्बिणीविषयी गेलनला

विनिफ्रेड, मोंटाना
१९ जून

प्रिय गेलन,

तू बरा असशील, ऱ्होडाचा गुडघा बरा असेल आणि ब्यूटमध्ये जूनमध्येही तुम्ही कोट घालून फिरत असाल, असं धरून चालतो. इकडे मी ठीक आहे. लुएलाही ठीक आहे, म्हणजे माझ्यावर ओरडण्याइतकी ठीक आहे. गवत यंदा झकास आलंय. पहिली कापणी पुढच्या आठवड्यात काढू म्हणतो.

पाकिटावरचं माझं अक्षर बघून हे पत्र तू शेगडीत टाकलं नसशील तर पुढे वाच. बातमी मोठी आहे. एल्कच्या शिकारीचा परवाना लागला! मिसुरी नदीवरच्या उतारांचा, नराचा, रायफलीचा. त्या एका खेपेनंतर इतकी वर्षं सोडतीत नाव टाकत होतो आणि दर जूनला "यंदा नाही" असं पत्र येत होतं. परवा लुएलाने संगणकावर बघितलं आणि स्वयंपाकघरातून अशी किंचाळली की मला वाटलं, पुन्हा साप निघाला.

आता दुसरी गोष्ट. नीट बसून वाच. परवाना दोघांना लागलाय. आपण पहिल्यापासून एकाच अर्जात दोघांची नावं टाकायचो, आठवतं ना? लागला तर दोघांना, नाही तर कुणालाच नाही. तू ब्यूटला गेल्यावर मी तुझं नाव काढलंच नाही. दरवर्षी तुझा जुना नंबर घालायचो आणि पुढे जायचो. हे कायद्यात बसतं की नाही ते मला विचारू नकोस आणि वन खात्यालाही विचारू नकोस.

तर मुद्दा असा की मला एक दुर्बीण घ्यायची आहे. रायफलीवरची. तिकडचा उतार तुला माहीतच आहे. एल्क समोरच्या कड्यावर उभा असतो, मध्ये एवढी मोठी घळ आणि जवळ जावं तर आडोसा म्हणून एक झुडूप नाही. तीनशे-चारशे यार्डांवरून मारायची तयारी हवी. या विषयात तुला आपल्या घरात सगळ्यात जास्त कळतं. मला कळत नाही. हे मी लिहून देतोय, फ्रेम करून भिंतीला लाव.

लुईसटाउनला ट्वायला ब्रॅटचं दुकान आहे ना, तिथे गेलो होतो. तिच्या वडिलांच्या वेळी कपाटात चार दुर्बिणी असायच्या. आता भिंत भरली आहे. मी म्हटलं, "मला सगळ्यात मोठी दाखव." ती म्हणाली, "व्हर्लिन, चंद्रावर एल्क नसतात." शेवटी तिने एक पंचवीसपट मोठं दाखवणारी हातात दिली. तिचं वजन आपल्या वासराएवढं. त्यातून रस्त्यापलीकडच्या बँकेच्या दारात उभ्या माणसाच्या मिशा दिसल्या, पण बँक कुठे गेली ते कळेना.

आपला पोस्टमास्तर कपाळावर चंद्रकोर घेऊन फिरतोय. त्याने नवी दुर्बीण घेतली, डोळा फार जवळ लावला आणि बार उडाल्यावर काचेची कड भुवईत घुसली. पाच टाके पडले. लोकांना सांगतो, गुरांच्या फाटकाने लागलं. त्या बाबतीतही तुझा सल्ला हवा.

जुन्या गोष्टींबद्दल मला इथे काही लिहायचं नाही. फक्त दुर्बिणीबद्दल विचारतोय. हंगाम ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात सुरू होतो. येशील का ते कळव.

तुझा भाऊ,
व्हर्लिन


विनिफ्रेड
२ ऑगस्ट

प्रिय गेलन,

तुझं कार्ड मिळालं. "दहापट पुरे. जास्त मोठी घेऊ नकोस, हात थरथरतो तो मोठा दिसतो. मी येणार नाही." अकरा वर्षांनी चौदा शब्द, सही सोडून. मी मोजले. लुएला म्हणते, तुझ्यापेक्षा टपालाचा शिक्का जास्त बोलका आहे. पण तिनेच ते कार्ड फ्रिजच्या दारावर लावलंय आणि येताजाता वाचते.

दुसरी कापणी झाली. जुन्या ट्रॅक्टरचा पंप गेला, बसवला, पुन्हा गेला. तुझी आठवण काढून दोन शिव्या दिल्या, कारण तो पंप पहिल्यांदा तूच बसवला होतास.

दहापटीचं तुझं म्हणणं मी ट्वायलाला सांगितलं. ती म्हणाली, "तुमच्या घरात एक तरी शहाणा आहे म्हणायचा." मग तिने तीन दुर्बिणी काढल्या आणि मला सूर्य मावळायच्या वेळी दुकानामागे उभं केलं. समोरच्या टेकडीवर गायी चरत होत्या. म्हणाली, "कानातल्या बिल्ल्यांचे आकडे वाचा. जिच्यातून सगळ्यात शेवटपर्यंत वाचता येतील ती तुमची. एल्क बाहेर येतो तो याच उजेडात." मी एकेक वाचत होतो आणि ती कागदावर लिहून घेत होती. पहिल्या दुर्बिणीतून एकशे सतरा नंबरची गाय दिसली, दुसरीतून तीच गाय एकशे अकरा झाली, तिसरीतून गायच दिसेना. मी म्हटलं, "ही दुर्बीण भिकार आहे." ती म्हणाली, "व्हर्लिन, झाकण काढा."

एवढा हसलो की डोळे पुसावे लागले. तू असतास तर पुढची दहा वर्षं मला छळलं असतंस.

फुलीचंही एक प्रकरण आहे. काही दुर्बिणींत चित्र मोठं केलं की आतली नेम धरायची फुली त्याच्याबरोबर मोठी होते, काहींत ती तेवढीच राहते. जी तेवढीच राहते तिच्यावरच्या अंतराच्या खुणा फक्त एकाच मापाला बरोबर असतात. माणूस घाईत असला की विसरतो आणि गोळी भलतीकडे जाते. म्हणून मी खुणांच्या भानगडीत पडणार नाही. साधी फुली आणि वर अंतराची चकती. अंतर मोजायचं, चकती फिरवायची, फुली छातीवर धरायची. तुझी जुनी दुर्बीण होती तशी.

ट्वायला मात्र खोदून खोदून विचारते. परवा म्हणाली, "तुम्ही प्रत्येक दुर्बिणीला आधी तोच प्रश्न विचारता. चकतीला कुलूप आहे का? उलटी फिरवली की शून्याशी आपोआप अडते का? काचेचं नंतर. असं काय झालंय एवढं?"

मी म्हटलं, "काही नाही. म्हातारपण. विसरायला होतं."

"काय विसरलात?"

"तेच आठवत नाही."

तिने माझ्याकडे असं बघितलं की मी काही न घेताच गाडीत येऊन बसलो. मग पुन्हा आत जावं लागलं, कारण बंदूक तिच्या टेबलावरच राहिली होती. दुर्बीण बसेल की नाही ते बघायला नेली होती मी. आणि तिथेच माझी दुसरी फजिती झाली. तिने बंदूक हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि म्हणाली, "अहो, हिच्या बोल्टचा दांडा डावीकडे आहे. तुम्ही डावरे कधीपासून झालात?"

तर आता तुलाही सांगायला हवं. ती तुझी बंदूक आहे, गेलन. तू माझ्या मागच्या खोलीत भिंतीला टेकवून गेलास आणि म्हणालास, "ठेव तुलाच, मला नको." ती मी दर शरद ऋतूत काढतो, तेल लावतो, पुन्हा ठेवतो. माझ्या बंदुकीवर माझी जुनी दुर्बीण आहे आणि माझ्या आयुष्याला ती पुरे. हा सगळा उन्हाळा मी दुर्बीण निवडतोय ती तुझ्या बंदुकीसाठी.

येणार नाही असं लिहिलंस. बरं. तरी मी निवडतोय.

व्हर्लिन


विनिफ्रेड
२१ सप्टेंबर

प्रिय गेलन,

या वेळी तब्येतपाणी विचारत नाही. विचारत बसलो तर पुन्हा तिथेच अडकेन.

दुर्बीण घेतली. दहापट. चकतीला कुलूप आहे, आणि उलटी फिरवली की शून्याशी खट् करून अडते, पुढे जातच नाही. तुझी जुनी बिनकुलुपाची उतरवून ट्वायलाने ती तुझ्या बंदुकीवर बसवली, मी दोनशे यार्डांवर शून्य करून ठेवली. डावरी बंदूक खांद्याला लावताना माझी जी कसरत झाली ती बघून लुएला खुर्ची घेऊन बाहेर येऊन बसली.

आता ऐक.

त्या नोव्हेंबरात, आपल्या शिकारीच्या तळावर, तू किराणा आणि डिझेल आणायला गावात गेला होतास. दुपारचे तीन वाजले असतील. तुझी नवी दुर्बीण आपल्या खोऱ्यातली पहिली चकतीवाली होती आणि मी चार दिवस तिची टिंगल करत होतो. "रेडिओ लावलास का बंदुकीवर", "हवामान काय म्हणतंय" वगैरे. खरं सांगू? मला तिचा हेवा वाटत होता. तू दिसेनासा झालास तशी मी तुझी बंदूक काढली, गाडीच्या बोनेटवर टेकवली, तू दस्त्यावर चिकटवलेला तक्ता बघून चकती पाचशेवर नेली आणि घळीपलीकडच्या पांढऱ्या दगडावर एक बार टाकला. लागला! पहिल्याच बारात लागला. मी एकटाच नाचलो. मग तुझी गाडी येताना दिसली, आणि मी बंदूक पुसून होती तशी ठेवली.

होती तशी नाही. चकती पाचशेवरच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मोठा नर तीनशेवर उभा राहिला. तू दोन्ही कोपर टेकवून, श्वास सोडून, जसं करायला हवं तसं सगळं केलंस. मी तुझ्या शेजारी पडलो होतो, मी बघितलंय. तुझं शून्य तीनशेचंच होतं म्हणून तू चकतीला हात लावला नाहीस, आणि पाचशेच्या मापाने गोळी वर जाऊन त्याच्या पाठीवरून चाटून गेली. बर्फात केस आणि रक्ताचे थेंब. दोन दिवस आपण त्याचा माग काढला आणि नदीकाठच्या विलोच्या झाडीत तो हरवला. तू रात्री जेवला नाहीस. म्हणालास, "बंदुकीत काहीतरी बिघडलंय." आणि मी म्हणालो, "बंदुकीत नाही, नेम धरणाऱ्यात."

बरं, तिथे थांबलो असतो! चर्चच्या शिकारी जेवणात भर पंगतीत उभा राहून मी तुला "ढगमार" म्हणालो. एल्क सोडून ढगाला गोळी घालणारा. सगळे हसले. ते नाव मग दुकानात, पेट्रोलपंपावर, सगळीकडे चिकटलं. ते जेवण झाल्यावर तिसऱ्या दिवशी तू बंदूक टेकवून गेलास आणि वसंतात ब्यूटला घर घेतलंस.

बंदूक साफ करायला मी काढली ती त्याच आठवड्यात. चकतीवरचा आकडा बघितला आणि मागच्या खोलीत बुटांच्या फळीवर खाली बसलो. तेव्हाच फोन करायचा. नाही केला. म्हटलं, रविवारी करू. मग नाताळला करू. मग इतका उशीर झाला की उशिराचीच लाज वाटायला लागली. तू त्यानंतर एकदाही शिकारीला गेला नाहीस हे मला ऱ्होडाच्या नाताळच्या कार्डांतून कळत होतं, आणि तरी मी गप्प होतो. हा खरा गुन्हा. चकती फिरवायला कुणीही विसरेल. तोंड मी ठरवून मिटून ठेवलं.

मागच्या शनिवारी अग्निशमन दलाचा पॅनकेकचा नाश्ता होता. सगळं खोरं आलं होतं. मी खुर्चीवर चढलो. लुएलाला वाटलं मी लिलाव पुकारतोय. आत्ता तुला लिहिलं ते सगळं मी तिथे सांगितलं, दगडासकट, नाचासकट. कुणी पाक वाढेना, कुणी खाईना. मग पोस्टमास्तर म्हणाला, "म्हणजे अकरा वर्षं आपण चुकीच्या भावाला हसत होतो?" आणि मग जे हसले ते! म्हातारा कूपर तर खोकत खोकत बाहेर गेला. ट्वायलाही आली होती, ती हसली नाही. माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "आठवलं का शेवटी?"

लुएला माझ्याशी बुधवारपर्यंत बोलली नाही. बुधवारी बोलली ती अशी : "आता त्याला लिही. आणि एक शब्द गोड करून लिहिलास तर बघ."

हे मी तू यावंस म्हणून केलेलं नाही. आधी तिथे सांगितलं आणि मग तुला लिहितोय ते एवढ्यासाठीच, की तू आलास न आलास तरी इथे तुझं नाव धुतलेलं असावं. तुला माझं तोंड बघायचं नसेल तर बंदूक ट्वायला ब्यूटला पोचवेल, तिने कबूल केलंय. तुझा परवाना पाकिटात घातलाय. तो तुझा आहे, त्यावर तुझंच नाव आहे.

माझं चुकलं, गेलन. तुझ्या हातचा एल्क मी घालवला आणि दोष तुझ्या गळ्यात बांधला. तू खोऱ्यातला सगळ्यात चांगला नेमबाज होतास आणि ते मला माहीत होतं.

आलास तर पहिली गोळी तुझी. मी शेजारी पडून अंतर सांगेन, बाकी हात लावणार नाही. आणि बंदूक हातात घेतलीस की आधी चकती तू स्वतः बघ. मी शून्यावर आहे म्हटलं तरी माझ्या शब्दावर जाऊ नकोस.

उत्तराची वाट बघणारा, आणि शिव्याही चालतील असा,
तुझा मोठा भाऊ
व्हर्लिन